राहायला की भेटायला

महानंदाबाईंच्या मुलानं डेट्रॉइटहून पाठवलेल्या पाकिटात पत्र दोन पानांचं होतं आणि फॉर्म सात पानांचे. पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हाच ते जड लागलं, आणि यात आपल्याला काहीतरी करायला सांगितलेलं असणार, हे त्यांनी ओळखलं.

१९७७ सालचा जून चालू होता. सोलापूरच्या महापालिकेच्या प्रसूतिगृहातून परिचारिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं त्यांनी तिथं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीची. बाळीवेशीत त्या राहत, आणि तिथल्या दर दुसऱ्या घरात त्यांच्या हातावर जन्मलेलं कुणीतरी होतं. भाजी आणायला निघाल्या तरी चार दारांत थांबावं लागे. कुणाच्या सुनेला सूज आलेली असे, कुणाचं तान्हं दूध ओढत नसे. पाय दुखत असले तरी त्या थांबत, कारण न थांबता पुढं जायचं कसं हे त्यांना येत नव्हतं.

विरूपाक्षनं लिहिलं होतं की त्याच्या बायकोला, शैलजाला, दिवस गेले आहेत आणि डिसेंबरात बाळंतपण आहे. आईनं यायचे दोन मार्ग होते. एक भेटीचा व्हिसा, सहा महिन्यांचा; मुदत वाढवून मागता येते, पण मिळेलच असं नाही. दुसरा कायमच्या वास्तव्याचा. तो मिळाला की तिथंच राहायचं. भारतात फेरी मारता येते, पण वर्षभर बाहेर राहिलं तर हक्क जाण्याची भीती. त्याला मागच्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं होतं, त्यामुळं आईचं काम लवकर होईल असं वकिलाचं म्हणणं होतं. ‘मी कायमच्यासाठी अर्ज भरून टाकला आहे,’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘पासपोर्ट आहेच. तू फक्त जन्माचा दाखला आणि पोलिसांचा दाखला तयार ठेव.’ आणि अगदी शेवटी, समासात: ‘अव्वाला नमस्कार. तिची काहीतरी सोय करू.’

अव्वा म्हणजे पार्वतम्मा, महानंदाबाईंच्या थोरल्या जाऊबाई; महानंदाबाई त्यांना अक्का म्हणत. वय सत्तर. त्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. डोळ्यांत काचबिंदू उतरल्यापासून त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र नेहमी मोठ्यानं वाचलं जाई. महानंदाबाईंनी ते वाचलं आणि नमस्कारापाशी थांबल्या. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं नाही.

“बाळंतपण व्हय,” पार्वतम्मा म्हणाल्या. “बरं झालं. किती वर्सं वाट बघाय लावली पोरानं.”

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

या दोघींचं घर पस्तीस वर्षांपूर्वी असं दोघींचंच झालं होतं. दोन भाऊ, दोघेही गिरणीत. थोरला आधी गेला; त्याला मूलबाळ नव्हतं. धाकटा, म्हणजे महानंदाबाईंचा नवरा, बेचाळीस साली विषमज्वरानं गेला, तेव्हा विरूपाक्ष सव्वा वर्षाचा होता. सासरच्या माणसांनी दोघींना गावाकडं येऊन शेतात राबा म्हणून सांगितलं. पार्वतम्मा गेल्या नाहीत. महानंदा सातवी शिकलेली होती. तिला त्यांनी नर्सिंग शिकायला घातलं आणि पोर आपल्याकडं घेतलं. विधवा बाई, वर लिंगायत घरातली, ती दहा जातींच्या बायकांची बाळंतपणं करणार म्हणून भावकीनं वर्षभर पाणी तोडलं. पार्वतम्मा उखळात शेंगांची चटणी कुटायच्या आणि दुकानात नेऊन द्यायच्या. पोर त्यांच्या पाठीशी बांधलेलं असे. महानंदाबाई पाळी संपवून घरी यायच्या तेव्हा ते झोपलेलं तरी असायचं किंवा शाळेत तरी गेलेलं असायचं. तो बोलायला लागला तेव्हा आधी अव्वा म्हणाला, कानडीत आईलाच म्हणतात तसं. आई हा शब्द त्याला पार्वतम्मांनी शिकवला.

दोन दिवसांनी महानंदाबाई फॉर्म घेऊन आबासाहेबांकडं गेल्या. आबासाहेब कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि पेठेत कुणालाही सरकारी कागद भरायचा असला की त्यांच्या ओसरीवर यावं लागे. त्यांची मुलगी इंग्लंडात होती, म्हणून परदेशाचे कागदही आता त्यांच्याकडेच येत. त्यांनी सात पानं वाचली, चष्मा पुसला आणि परत पहिल्यापासून वाचली.

त्यांनी जे सांगितलं ते महानंदाबाईंना नीट कळलं. भेटीचा व्हिसा मागायचा तर वकिलातीला पटवून द्यावं लागतं की बाई परत येणार, तिला ओढून आणणारं काहीतरी इकडं आहे. राहायचा मागायचा तर परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. माणूस तेच, पण बोलायचं अगदी उलटं. एकदा एक बोलल्यावर दुसरं बोललं की संशय येतो. त्यांचं स्वतःचं मत राहायच्या बाजूनं होतं. या वयात परत परत मुंबईच्या खेपा कशाला, एकदाच काय ते करावं.

“जावेला नेता येईल का बरोबर?” महानंदाबाईंनी विचारलं.

आबासाहेबांनी नात्यांचा रकाना बोटानं खालपर्यंत तपासला. आई, वडील, नवरा, बायको, मुलं, भाऊबहीण. “यात नाही बसत.”

“तिनंच वाढवलंय त्याला.”

“ते इथं लिहायला जागा नाही, बाई.”

त्या घरी आल्या आणि दाखल्यांच्या मागं लागल्या. कुठला व्हिसा ते पुढं बघू, पण मुलानं मागितलेले कागद तर करून ठेवू, असा विचार त्यांनी केला. खरं म्हणजे तो विचार नव्हता. काम समोर आलं की हात आपोआप पुढं होत, त्यातलाच तो प्रकार होता.

जन्माचा दाखला मिळेना. प्रसूतिगृहात रोज जन्मनोंदीची वही त्याच भरायच्या: तारीख, वेळ, वजन, मुलगा की मुलगी. पण त्यांचा स्वतःचा जन्म अक्कलकोट संस्थानातल्या हत्तीकेरी या गावी झालेला, आणि तिथल्या त्या काळच्या वह्यांना वाळवी लागून कितीतरी वर्षं झाली होती. आबासाहेब म्हणाले, जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र चालेल. महानंदाबाई साठीला आल्या होत्या. त्यांच्या जन्माला हजर असलेली माणसं आता किती उरणार? शोधल्यावर दोघं निघाले. मामी नागव्वा आणि चुलतभाऊ रेवणप्पा. त्यातही रेवणप्पा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि त्यांना घराबाहेर हाकललेलं होतं.

जुलैच्या सुरुवातीला त्या एसटीनं अक्कलकोटला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं हत्तीकेरीला गेल्या. नागव्वांचं वय नव्वदीकडं झुकलेलं. त्या कानडीशिवाय काही बोलत नसत, पण त्यांची आठवण शाबूत होती. मोठी साथ आली त्याच्या आदल्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, असं त्यांनी ताबडतोब सांगितलं. तीन दिवस कळा चालल्या होत्या. पोर बाहेर आलं ते निळं, आणि रडेना. सगळ्यांना वाटलं गेलं. मग नागव्वांनीच त्याला पाय धरून उलटं केलं आणि पाठीवर मारलं.

महानंदाबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. हीच गोष्ट त्यांनी स्वतः शेकडो वेळा केली होती. 

गावात नर्सबाई आल्याचं कळायला वेळ लागला नाही. नागव्वांची नातसून सात महिन्यांची होती. ती येऊन नुसती समोर उभी राहिली. महानंदाबाईंनी हात धुतले, तिला चटईवर निजवलं आणि पोट चाचपलं. मूल पायाळू होतं. घरी करू नका, अक्कलकोटच्या दवाखान्यात न्या, असं त्यांनी नवऱ्याला बोलावून तीनदा सांगितलं. त्या उठेपर्यंत दारात आणखी पाच बायका बसलेल्या होत्या. संध्याकाळची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी दोन्ही म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या अक्कलकोटला कचेरीत गेल्या. दुपारपर्यंत बाकावर बसल्यावर साहेब आले, नागव्वांचा अंगठा आणि रेवणप्पांची सही झाली. नागव्वा म्हणाल्या, तुला जन्माला घालायला तुझ्या आईला तीन दिवस लागले, आणि तू जन्मलीस हे सरकारला सांगायला आम्हाला दोन.

महानंदाबाई सोलापूरला पोचल्या तेव्हा पार्वतम्मांनी भाकरी करून ठेवली होती. त्यांच्या उजव्या हाताच्या चार बोटांवर टरारून फोड आले होते. तव्याचा अंदाज चुकला होता. हात पदराखाली ठेवून त्या प्रवासाची चौकशी करत राहिल्या. महानंदाबाईंनी तो हात ओढून जवळ घेतला, थंड पाणी लावलं, औषध लावलं.  औषध लावता लावता महानंदाबाईंचं ठरलं. राहायचा व्हिसा नको. भेटीचा घ्यायचा, बाळंतपण करायचं आणि परत यायचं. हे त्यांनी मुलाला कळवलं नाही. आधी व्हिसा मिळू दे, मग कळवू, असं म्हणाल्या.

आबासाहेबांनी सावध केलं होतं की मुलाचा अर्ज तिकडं दाखल आहे, त्याबद्दल विचारतील. तरी ऑगस्टमध्ये त्या मुंबईला गेल्या. मुक्ताबाई म्हणून त्यांच्याबरोबरच्या एक परिचारिका होत्या, निवृत्तीनंतर मुलाकडं दादरला राहणाऱ्या. त्यांच्याकडं उतरून सकाळी सातला वकिलातीच्या रांगेत उभ्या राहिल्या. आत जायला साडेदहा वाजले. पिशवीत पासपोर्ट, पेन्शनचं पुस्तक, घराचा उतारा, आणि आबासाहेबांच्या सांगण्यावरून रेशनकार्डही होतं.

अधिकारी तरुण होता, विरूपाक्षपेक्षाही लहान. शेजारी एक मराठी बाई दुभाषाचं काम करत होत्या. त्यानं कागद पाहिले, मग दुसरी फाइल मागवली आणि बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. तो सौम्यपणे बोलला. दुभाषी बाईंनी ते मराठीत सांगितलं.

“साहेब विचारतात, तुमचा मुलगा म्हणतो आई कायमची येणार आहे. तुम्ही म्हणता सहा महिन्यांसाठी. दोघांपैकी खरं कुणाचं?”

“जायचंय मला,” महानंदाबाई म्हणाल्या. “तेव्हा माझं खरं.”

साहेब किंचित हसला. परत कशासाठी येणार, असं त्यानं विचारलं. महानंदाबाईंनी रेशनकार्ड पुढं केलं. त्यावर दोनच नावं होती. पहिलं त्यांचं, खाली पार्वतम्मांचं, आणि नात्याच्या जागी ‘जाऊ’ असं शाईनं लिहिलेलं. दुभाषी बाईंना त्या शब्दाला इंग्रजी शब्द सापडेना. नवऱ्याच्या भावाची बायको, असं लांबण लावून त्यांनी सांगितलं. तिला दिसत नाही, मी बघते, महानंदाबाई म्हणाल्या.

साहेबानं ते लिहून घेतलं. पण मुलाचा अर्ज तसाच असताना भेटीचा व्हिसा आपण देऊ शकत नाही, असं त्यानं सांगितलं. मुलानं तो अर्ज मागं घेतल्याचं लेखी आणा, मग परत या, तेव्हा आपण नक्की विचार करू. किंवा सरळ कायमचा घ्या. त्याचे तुमचे कागद तर जवळजवळ पुरे आहेत. दोन्हींपैकी एक ठरवा.

मुक्ताबाई म्हणाल्या, चार दिवस राहा, जरा विसावा घे. त्या राहिल्या नाहीत. सोलापूरच्या गाडीत खिडकीशी बसून त्या कुर्डुवाडीपर्यंत बाहेर बघत होत्या, पण काय पाहिलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मोहोळ गेल्यावर मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. साहेबानं व्हिसा नाही म्हटल्यावर आपल्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट क्षणभर हलकं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विरूपाक्षला पत्र लिहायला घेतलं. मुंबईचा सगळा वृत्तांत लिहिला आणि मग कारण लिहिलं: अक्कांची नजर झपाट्यानं जाते आहे, दोन दिवस मी नव्हते तर हात भाजून घेतला, त्यांना इथं एकटं टाकून मी कायमची येऊ शकत नाही, तरी अर्ज मागं घ्यावा. सवयीप्रमाणं त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

पार्वतम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. “शेवटलं खोड,” त्या म्हणाल्या.

“का? खोटं आहे का?”

“खरं हाय. पन त्ये कारन न्हाय.”

महानंदाबाईंनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

“मला कुटं बी ठिवता येतंय,” पार्वतम्मा म्हणाल्या. “शेजारी सोजरबाई हाय. गावाकडं भावाची पोरं हायती, त्ये न्याला तयार हायती. तुला तितं ऱ्हायाचंच न्हाय, महानंदा. आन् माज्या डोळ्यांआड लपतीस.”

“मी कशाला लपू?”

“त्ये तुला ठावं. मला आंधळी म्हनून लिवताना तुला काय वाटलं न्हाय. मग सोताचं लिवायला का लाज वाटती?”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटलेल्यांच्या सायकली घंट्या वाजवत गल्लीतून जायला लागल्या. महानंदाबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

“मी दमलेय, अक्का,” त्या म्हणाल्या. आयुष्यात हे वाक्य त्यांनी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं असावं, कारण म्हटल्यावर त्यांचा त्यांनाच आवाज ओळखीचा वाटला नाही. “लई दमलेय. तो बोलावतोय ते चांगल्यासाठीच. पण मला आता लहान पोर वाढवायचं नाही. बर्फात नाही, उन्हात नाही, कुठंच नाही. मला नुसतं बसायचंय.”

“मग तसं लिही की.”

“आईनं असं लिहायचं असतं का?”

“मला काय विचारतीस,” पार्वतम्मा म्हणाल्या. “मी कुटं कुनाची आई हाय?”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं.  महानंदाबाईंनी तो कागद फाडला आणि नवीन घेतला. हे पत्र अर्ध्या पानातच संपलं.

‘चि. विरूपाक्ष, मी एकतीस वर्षं लोकांची बाळं घेतली. तुझंही घेईन, हौसेनं घेईन. पण पुढं ते वाढवायला मला ठेवून घेऊ नकोस. तुलाही मी वाढवलं नाही, अक्कांनी वाढवलं, तेव्हा ते काम मला येतही नाही. मी दमले आहे. दुसरं काही कारण नाही. कायमचा अर्ज मागं घे आणि तसं लेखी पाठव. मी सहा महिन्यांसाठी येते. – आई.’

या वेळी त्यांनी ते वाचून दाखवलं नाही, आणि पार्वतम्मांनी वाच म्हटलं नाही.

उत्तराला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात महानंदाबाईंना रोज दोनदा वाटे की आपण पोराचं मन तोडलं. पोस्टमन गल्लीत शिरला की त्या आत जाऊन बसत. सप्टेंबरच्या शेवटी पाकीट आलं. आत अर्ज मागं घेतल्याची प्रत होती आणि तीन ओळी. ‘तुझ्या इच्छेप्रमाणं केलं आहे. तिकिटाचं इथून बघतो. थंडीचे कपडे आणू नकोस, इथं घेऊ.’ अव्वाला नमस्कार नव्हता. ते पार्वतम्मांनी विचारलं नाही, आणि महानंदाबाईंनी आपण होऊन सांगितलं नाही.

ऑक्टोबरात त्या परत मुंबईला गेल्या. खिडकीमागं या वेळी दुसराच साहेब होता. त्यानं फाइल वाचली, दोन प्रश्न विचारले आणि भेटीचा व्हिसा दिला. पुढं परदेशी जायचा रिझर्व्ह बँकेचा परवानगीचा फॉर्म, देवीची लस, या सगळ्यात दिवाळी गेली. सोजरबाईंनी दोन वेळची भाकरी करायचं कबूल केलं. आबासाहेबांनी पत्रं लिहायचं अंगावर घेतलं. निघायच्या दिवशी पार्वतम्मा स्टेशनवर आल्या नाहीत. इष्टलिंगाची पूजा आटोपून त्यांनी महानंदाबाईंच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाल्या, शेंगांची चटणी पिशवीत वर ठेवली आहे, खाली दाबू नको, तेल सुटतंय.

डेट्रॉइटमध्ये डिसेंबरच्या एकोणीस तारखेला मुलगी झाली, दवाखान्यात. तिथं महानंदाबाईंना काचेपलीकडूनच बघता आलं. बाळ घेण्याचं काम त्यांच्याकडं आलंच नाही. घरी आणल्यावर मात्र सगळं आलं. तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक, बाळंतिणीचं खाणं. शैलजा गुणी मुलगी होती, पण सहा आठवड्यांनी तिची नोकरी सुरू झाली, आणि मग सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत घरात आजी आणि नात दोघीच. खिडकीबाहेर बर्फ. जे नको म्हणून पत्र लिहिलं, तेच समोर आलं होतं. महानंदाबाईंनी तक्रार केली नाही. पोर गोड होतं. पण दुपारी ते झोपलं की त्या खुर्चीत बसत आणि उठायची वेळ झाली की गुडघ्यांवर हात ठेवून मोजून उठत. एक, दोन, तीन.

विरूपाक्ष फारसं बोलत नव्हता. मार्चमध्ये एका रविवारी शैलजा बाळाला घेऊन मैत्रिणीकडं गेली, तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन बसला.

“तुला वाटलं असेल, मी कायमचा अर्ज पोर सांभाळायला माणूस हवं म्हणून भरला.”

“वाटलं होतं.”

“थोडं तेही होतं,” तो म्हणाला. “पण मुख्य ते नव्हतं. अव्वा गेल्यावर तू तिकडं एकटी राहशील, ते मला सहन होत नव्हतं.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “अव्वाचं मी वकिलाला विचारलं होतं. दोनदा. कुठल्याच कागदावर तिचं नाव घालता येत नाही म्हणाला. त्यामुळं पत्रात काय लिहावं तेच कळेना. काहीतरी सोय करू, असं लिहिलं. लिहिल्यावर लाज वाटली.”

“ते मी तिला वाचून दाखवलं नाही.”

तो मान खाली घालून बसला. महानंदाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. छत्तीस वर्षांच्या त्या डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं. तो लहान असताना असा हात फिरवायला आपण जाग्या किती वेळा होतो, हे त्यांनी मनात मोजून पाहिलं, आणि मोजायचं सोडून दिलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मुदत संपायला महिना असताना, त्या परत आल्या. सोलापूर तापलं होतं. आबासाहेबांची सगळी पत्रं ‘सर्व क्षेम आहे, नजर आहे तशीच आहे’ अशी होती. महानंदाबाई दारात उभ्या राहिल्या आणि अक्का म्हणून हाक मारली. पार्वतम्मांनी तोंड वळवलं ते हातभर बाजूला, खुंटीकडं.

एकतीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला याहून अधिक सांगावं लागत नाही. त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या.

“कधीपासून?”

“संक्रांतीपास्नं.”

“आणि मला कळवलं नाहीत.”

“आबासाहेबांना मीच शपथ घातली हुती. कळवून काय, आली असतीस निगून. आन् परत तेच. माज्या डोळ्यांपायी आली म्हनलं असतं पोरानं.” पार्वतम्मा थांबल्या. “बस की आत. उनात का बसलीस?”

महानंदाबाईंना राग आला होता, पण तो बोलून दाखवायला अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना रिक्षातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि आता करण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून सांगितलं. जानेवारीत आणलं असतं तर? महानंदाबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाही फार काही झालं नसतं. ते खरं सांगत होते की समजूत घालत होते, ते त्यांना ठरवता आलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी विरूपाक्षला सगळं लिहून कळवलं. पार्वतम्मा नको नको म्हणत होत्या. महानंदाबाई म्हणाल्या, या वेळी मी तुमचं ऐकणार नाही.

विरूपाक्ष जुलैमध्ये आला, एकटाच, अठरा दिवसांसाठी. अकरा वर्षांत ही त्याची दुसरी खेप. पहिले दोन दिवस त्याला घरात कुठं बसावं ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मांनी चाचपडत उखळ ओढलं आणि शेंगा कुटायला घेतल्या. दिसत नसलं तरी तेवढं त्यांना येत होतं. तो त्यांच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसला आणि उखळाबाहेर उडालेले दाणे उचलून परत आत टाकू लागला.  मध्येच पार्वतम्मा म्हणाल्या, बोटं संबाळ, आणि तो हो म्हणाला.

महानंदाबाई शेगडीपाशी उभ्या राहून थोडा वेळ त्यांच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी दूध झाकलं, गॅस बंद केला, आतल्या खोलीत जाऊन चटई टाकली आणि दार लोटून घेतलं. दहा वाजले होते. त्या उठल्या तेव्हा दुपार टळून गेली होती, जेवणं होऊन भांडी घासून पालथी घातलेली होती. मधल्या वेळात दारावर दोन बायका येऊन गेल्या होत्या. विरूपाक्षनं त्यांना, आई झोपली आहे, एवढंच सांगून परत पाठवलं होतं.